अ‍ॅचिसन, पिट्सबर्ग, नैरोबी: वांगारी मथाई परदेशात काय शिकल्या?

परदेशात शिकलेल्या मुलांना पर्यावरणाची जाण जास्त असते आणि ती जगाचे नागरिक होऊन परततात, असं परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हमखास लिहिलेलं असतं. ते खरं आहे का? सर्वेक्षणांतून फार तर एवढं कळतं, की मुलं परतल्या परतल्या काय म्हणाली. वीस-तीस वर्षांनी त्या जाणिवेचं काय झालं हे पाहायचं असेल, तर एखाद्या माणसाचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घालावा लागतो. त्यासाठी मी केनियाच्या वांगारी मथाई यांचं प्रकरण निवडलं आहे.

2004 साली शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला. 1960 ते 1966 त्या अमेरिकेत होत्या, 1967 ते 1969 जर्मनीत. 1977 मध्ये त्यांनी झाडं लावण्याचं जे काम सुरू केलं, ते ‘ग्रीन बेल्ट मूव्हमेंट’ म्हणून जगाला माहीत झालं. नोबेल मिळेपर्यंत या चळवळीतल्या बायकांनी 3 कोटींवर झाडं लावली होती. एवढी माहिती हाती आली की लगेच एक सरळ गोष्ट तयार होते: अमेरिकेत गेल्या, पर्यावरणाचं महत्त्व कळलं, परत येऊन झाडं लावली. ही गोष्ट मला पटत नाही. झाडाचं आणि पाण्याचं नातं त्यांना अमेरिकेने शिकवलं नाही, ते त्यांच्या गावातच होतं. अमेरिकेने जे दिलं ते वेगळं होतं, आणि ज्या अभ्यासक्रमासाठी त्या गेल्या होत्या, त्यात ते कुठेच नव्हतं.

इहिथे गावातला ओढा

वांगारींचा जन्म 1 एप्रिल 1940 चा, मध्य केनियातल्या न्येरी भागातल्या इहिथे गावचा. तेव्हा केनियावर इंग्रजांचं राज्य होतं. घर किकुयू शेतकऱ्याचं. घराजवळ अंजिराच्या कुळातलं एक मोठं झाड होतं, ज्याला किकुयू लोक मुगुमो म्हणतात. सरपणाला निघालेल्या वांगारींना आईने बजावलं होतं, की या झाडाखालची वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हे देवाचं झाड आहे. तोडायचं नाही, जाळायचं नाही. झाडापासून थोड्या अंतरावर जमिनीतून पाणी वर येई आणि त्याचा ओढा होई.

आपल्याकडे ज्यांनी उंबराला कुऱ्हाड लावू न देणारी आजी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दत्ताचं झाड म्हणून उंबर राखला जातो, आणि विहिरीची जागा धुंडाळणारी जुनी माणसं आधी उंबर कुठे आहे ते बघतात. मुगुमो आणि उंबर एकाच कुळातले. अशा झाडांची मुळं खडकाच्या फटीत खोल शिरतात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला वाट करून देतात. वांगारींनी पुढे जीवशास्त्र शिकल्यावर हे नातं शास्त्राच्या भाषेत मांडलं. लहानपणी मात्र त्यांच्यासाठी ती आईची आज्ञा होती.

2004 च्या डिसेंबरात ओस्लोमध्ये नोबेलचं भाषण संपवताना त्या याच ओढ्याबद्दल बोलल्या. ओंजळीने थेट ओढ्यातलं पाणी प्यायच्या. अळूच्या पानांमध्ये खेळताना बेडकाच्या अंड्यांच्या माळा दिसायच्या. ते मणीच आहेत असं वाटून त्या खालून बोटं घालून माळ उचलू बघायच्या, आणि दर वेळी माळ तुटायची. मग काही दिवसांनी त्याच पाण्यात हजारो काळे पिल्लू-बेडूक वळवळताना दिसायचे. साठी ओलांडलेली, सगळं जग पाहिलेली बाई जगासमोर उभी राहून हे सांगते, तेव्हा तिच्या पर्यावरणाच्या जाणिवेचं मूळ कुठे शोधायचं याबद्दल मला फारशी शंका राहत नाही.

शाळेत जाण्याचा योगही असाच. मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. थोरल्या भावाने, न्देरितूने, आईला सहज विचारलं की वांगारी आमच्यासारखी शाळेत का जात नाही, आणि आईने तिला पाठवलं. पुढे नन चालवत असलेल्या निवासी शाळा, आणि 1959 अखेर माध्यमिक शिक्षण पूर्ण.

विमानाने नेलेली पिढी

केनियाचं स्वातंत्र्य जवळ आलं होतं आणि देश चालवायला शिकलेली माणसं नव्हती. कामगार नेते टॉम म्बोया यांनी अमेरिकेत फिरून कॉलेजांकडून शिष्यवृत्त्या मिळवल्या आणि विमानाच्या भाड्यासाठी पैसा गोळा केला. 1959 मध्ये पहिलं विमान 81 विद्यार्थी घेऊन गेलं. 1960 मध्ये पैसे कमी पडले तेव्हा केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानने 1 लाख डॉलर दिले. जॉन केनेडी तेव्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. 1963 पर्यंत पूर्व आफ्रिकेतले सुमारे 800 विद्यार्थी या योजनेतून अमेरिकेला गेले. 1960 च्या सप्टेंबरातल्या तुकडीत वांगारी होत्या, वय 20.

या योजनेच्या उद्दिष्टांत पर्यावरण हा शब्द नव्हता, जागतिक नागरिकत्वही नव्हतं. हवे होते अधिकारी, शिक्षक, इंजिनिअर, डॉक्टर. या प्रकरणाचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं.

न्यूयॉर्कहून कॅन्ससला जाताना बस इंडियाना राज्यात एका उपाहारगृहापाशी थांबली. तिथे या आफ्रिकी मुलांना सांगण्यात आलं, की प्यायला घेऊन बाहेर जा, आत बसता येणार नाही. स्वातंत्र्याचा देश म्हणून ज्याच्याकडे पाहत निघालो, तिथेही कातडीचा रंग आडवा येतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. अनोळखी देशाकडे भाबडेपणाने न पाहण्याचा धडा त्यांनी इथे घेतला, असं मला वाटतं. पुढे त्यांनी अमेरिकेचं ऋण मोकळेपणाने मानलं, आणि ही घटनाही कधी लपवली नाही.

अ‍ॅचिसन हे कॅन्ससमधलं, मिझुरी नदीकाठचं लहान गाव. तिथलं माउंट सेंट स्कॉलॅस्टिका हे बेनेडिक्टाइन नन चालवत असलेलं मुलींचं कॉलेज. 1971 मध्ये ते शेजारच्या मुलांच्या कॉलेजात विलीन झालं. वांगारींनी तिथे जीवशास्त्र घेतलं, जोडीला रसायनशास्त्र आणि जर्मन, आणि 1964 मध्ये पदवी मिळवली. कॉलेज चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच. बाईने संस्था चालवणं ही तिथे रोजची बाब होती, आणि चार वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर ती घडत होती.

पिट्सबर्गची हवा

तिथून त्या पिट्सबर्ग विद्यापीठात एम.एस.साठी गेल्या. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा हाच आहे. मुक्काम मात्र जेमतेम दीड वर्षाचा.

पिट्सबर्ग म्हणजे पोलाद आणि दगडी कोळसा. 1940 च्या दशकात या शहरात भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, इतका धूर दाटायचा. 1941 मध्ये धूरनियंत्रणाचा कायदा झाला. युद्धामुळे तो लांबला, मग 1946 पासून कारखान्यांना आणि 1947 पासून घरांना लागू झाला. 1948 च्या ऑक्टोबरात जवळच्या डोनोरा गावावर कारखान्यांचा विषारी धूर काही दिवस कोंडून राहिला आणि 20 माणसं दगावली. वांगारी 1964 मध्ये तिथे पोचल्या तेव्हा सगळ्यांत वाईट काळ सरला होता, पण हवा शुद्ध करून घेण्यासाठी नागरिकांची खटपट चालूच होती. बिघडलेला परिसर माणसं पुन्हा नीट करू शकतात आणि त्यासाठी कारभाऱ्यांच्या मागे लागतात, हे त्यांनी पहिल्यांदा इथे पाहिलं, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे.

त्यांचा प्रबंध होता जपानी लावा पक्ष्याच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या वाढीवर! म्हणजे वर्गात सूक्ष्मदर्शक, ऊतींचे पातळ काप आणि रंगद्रव्यं, आणि खिडकीबाहेर एक शहर आपली हवा परत मिळवण्यासाठी झटतं आहे. पुढे त्यांना प्राध्यापकी मिळाली ती पहिल्यामुळे. पण ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, त्याचा धागा मला दुसऱ्यात दिसतो. इंग्रजी राजवटीत वाढलेल्या मुलीला सरकार म्हणजे वरून हुकूम देणारं, एवढंच माहीत होतं. इथे सामान्य माणसं महापालिकेला पत्रं लिहीत होती, सभेत उभं राहून प्रश्न विचारत होती, आणि त्याने फरक पडत होता.

परतल्यावर

1966 च्या जानेवारीत त्या नैरोबीला आल्या. विद्यापीठात संशोधन साहाय्यकाच्या नेमणुकीचं पत्र हातात होतं. हजर झाल्या तेव्हा कळलं, जागा दुसऱ्याला दिली आहे. आपण बाई आहोत आणि आपली जमात वेगळी आहे म्हणून हे झालं, असं त्यांचं मत होतं. काही महिने तसेच गेले. मग गीसेन विद्यापीठातून आलेल्या राइनहोल्ड हॉफमन या जर्मन प्राध्यापकांनी पशुवैद्यकीय शरीररचना विभागात काम दिलं, त्यांच्याच प्रोत्साहनाने दोन वर्षं जर्मनीत संशोधन झालं, आणि 1971 मध्ये नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या गुरांच्या एका जीवघेण्या तापावर संशोधन करत होत्या. हा ताप गोचिडांमुळे पसरतो. त्यासाठी नैरोबीच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन गाईंच्या कानांतले गोचीड गोळा करायचे होते. गोचीड काढता काढता त्यांना इतर गोष्टी दिसायला लागल्या. गाईंच्या बरगड्या वर आल्या आहेत, कारण चाराच नाही. पाऊस पडला की नद्या लालसर, गढूळ होऊन धावतात, म्हणजे डोंगरावरची माती वाहून चालली आहे. लोकांचे चेहरे सुकलेले. आपण ज्या रोगाचा अभ्यास करतो आहोत, त्यापेक्षा मोठा रोग जमिनीला झाला आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मग गावाकडची बातमी. मुगुमोची जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली होती. नव्या मालकाला झाड जागा अडवतं असं वाटलं, म्हणून ते तोडून तिथे चहा लावला होता. ओढा आटला होता.

या ठिकाणी परदेशाचा वाटा काय, हा प्रश्न नेमका विचारता येतो. गावात राहिलेल्या बायकांनाही ओढा आटल्याचं दिसत होतंच, त्यांना तर रोज लांबून पाणी आणावं लागत होतं. पण हा बदल त्यांच्या समोर हळूहळू झाला. वांगारी दूर गेल्या आणि मधली वर्षं वगळून एकदम परत आल्या, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं चित्र त्यांच्या डोळ्यांत एकमेकांवर आदळलं. जीवशास्त्रामुळे त्यांना झाड, पाणी, माती आणि गाईच्या बरगड्या एका साखळीत मांडता आल्या. दूर जाण्याचा हा फायदा खरा आहे. तो मिळायला मात्र आधी गाव मनात असावं लागतं आणि नंतर परत यावं लागतं.

साखळीचं एक टोक त्यांना राष्ट्रीय महिला परिषदेतल्या बायकांनी दाखवलं. त्या म्हणत, सरपण मिळत नाही, स्वच्छ पाणी नाही, मुलांना पोटभर सकस खायला नाही. या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या होत्या. चहा-कॉफीसाठी जंगल तुटलं, म्हणून सरपण संपलं. सरपण नाही म्हणून तासन्‌तास शिजणारं धान्य-कडधान्य मागे पडलं आणि चटकन होणारं, सत्त्व नसलेलं खाणं आलं. सुपीक समजल्या जाणाऱ्या न्येरी भागातली मुलं कुपोषित निघाली ती यामुळे. हे ज्ञान कुठल्या विद्यापीठातलं नव्हतं, ते चुलीपुढे बसलेल्या बायकांचं होतं.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. 1972 मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक पर्यावरण परिषदेनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय नैरोबीतच आलं. त्याच्याशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रात वांगारी काम करू लागल्या. म्हणजे जगाशी त्यांचा संबंध अमेरिकेइतकाच नैरोबीतल्या या कचेऱ्यांतूनही आला.

5 जून 1977 रोजी नैरोबीच्या एका उद्यानात सात झाडं लावून काम सुरू झालं. वनखात्याच्या लोकांचं म्हणणं, झाडं लावायला प्रशिक्षण लागतं, हे बायकांचं काम नव्हे. वांगारींनी बायकांना सांगितलं, तुम्ही शेत पेरता तसंच बी पेरा. बायकांनी जवळच्या जंगलातून बी आणलं, फुटक्या मडक्यांत आणि डब्यांत माती भरून रोपं केली, कोंबड्यांनी टोचू नयेत म्हणून ती उंचावर ठेवली. जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना सुमारे 4 अमेरिकी सेंट मिळत. लावलेल्या रोपाला नव्हे, जगलेल्या रोपाला पैसे, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडच्या वृक्षारोपण मोहिमांनी तो कधीचा उचलायला हवा होता.

हाइड पार्कचा दाखला

1989 मध्ये नैरोबीच्या मध्यभागी असलेल्या उहुरू पार्कमध्ये सत्ताधारी पक्ष 60 मजली इमारत बांधणार असल्याचं बाहेर आलं. त्यात पक्षाचं मुख्यालय, वृत्तपत्राची कचेरी, दुकानं, दोन हजार गाड्यांचा तळ आणि राष्ट्राध्यक्ष मोई यांचा मोठा पुतळा. गर्दीच्या शहरात सुटीच्या दिवशी गरिबांना मुलंबाळं घेऊन बसायला जी मोकळी जागा होती, तीच जाणार होती.

वांगारींनी पत्रं लिहायला घेतली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला, पर्यावरण मंत्र्यांना, नैरोबीच्या शहर प्रशासनाला, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाला, युनेस्कोला. प्रकल्पात इंग्लंडमधल्या एका प्रकाशन उद्योगाचा पैसा होता, म्हणून ब्रिटिश उच्चायुक्तांनाही. त्यांना विचारलेला प्रश्न असा: लंडनच्या हाइड पार्कमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये असा मनोरा बांधू द्याल का? तिथे चालणार नसेल, तर नैरोबीत का चालतो?

परदेशातल्या शिक्षणाने माणूस जगाचा नागरिक होतो म्हणजे काय, ते मला या एका प्रश्नात दिसतं. दुसऱ्या देशातल्या लोकांना जे हक्क सहज मिळतात, ते पाहिलेले असणं आणि त्याच मापाने आपल्या लोकांसाठी मागणं. त्यात परदेशाची भलामण नाही. उलट, परदेशी पैसा देणाऱ्यालाच त्याच्या घरच्या नियमावर धरलं आहे.

किंमतही जबर मोजावी लागली. संसदेत त्यांच्यावर अत्यंत खालच्या पातळीवर टीका झाली. आफ्रिकी परंपरेतल्या बाईने पुरुषांचा मान ठेवावा आणि गप्प बसावं, असं राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे म्हणाले. संस्थेला सरकारी जागेतून हुसकावलं, कारभार त्यांच्या छोट्या घरात आला. न्यायालयात दाद लागली नाही. पण 1990 च्या सुरुवातीला परदेशी गुंतवणूकदार मागे हटले आणि मनोरा झाला नाही. 1992 मध्ये त्याच पार्कमध्ये राजकीय कैद्यांच्या आयांसोबत उपोषणाला बसल्या असताना पोलिसांनी त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. 1999 मध्ये करुरा जंगल वाचवताना पुन्हा डोकं फुटलं. करुरा जंगल आज नैरोबीकरांना फिरायला खुलं आहे.

या प्रकरणातून किती निष्कर्ष काढावा?

फार मोठा काढू नये. त्या विमानांतून सुमारे 800 जण गेले, वांगारी त्यांतल्या एक. परदेशी शिक्षणच कारण असतं, तर अशा आणखी कितीतरी चळवळी उभ्या राहायला हव्या होत्या. शिवाय 3 कोटी झाडं ज्यांनी लावली, त्या बहुतेक बायका खेडं सोडून कुठेही गेल्या नव्हत्या. त्यांच्याशिवाय वांगारींची पदवी काही कामाची नव्हती.

शेजारी ठेवायला आपल्याकडचं एक उदाहरण आहे. माधव गाडगीळ पुण्यात पक्षी बघत वाढले, हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र शिकले, 1971 मध्ये परत आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. तिथेही ओढ आधीची होती, परदेशाने हत्यारं दिली, आणि काम झालं ते गावकऱ्यांमध्ये बसून. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने राखलेली झाडं आहेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या समाजाने काही राखलेलं असतं, त्याच समाजातल्या मुलाला ते गेल्याचं कळतं.

आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतरही योजना आहेत. त्यांच्यामुळे खेड्यापाड्यांतली, वस्त्यांतली मुलं परदेशात पोचतात, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र विद्यापीठ निवडताना जागतिक क्रमवारी पाहिली जाते. अ‍ॅचिसनच्या ननांचं कॉलेज त्या क्रमवारीत कधीच बसलं नसतं. लहान गाव, जवळची माणसं आणि आजूबाजूला काय चाललं आहे ते पाहायला मिळणारी मोकळीक या गोष्टी क्रमवारीत मोजल्या जात नाहीत. निवडीच्या मुलाखतीत मार्कांबरोबर एवढं जरी विचारलं, की तुझ्या गावचा ओढा आत्ता कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो आणि आजीच्या वेळी कुठपर्यंत वाहायचा, तरी मुलगा जाताना काय घेऊन चालला आहे याचा अंदाज येईल.

आणि परतण्याचं काय? वांगारींच्या प्रकरणातली सगळ्यांत नाजूक जागा 1966 चा तो जानेवारी आहे. हॉफमन भेटले नसते, तर हाताशी पदवी आणि बंद झालेलं दार घेऊन त्या कदाचित पुन्हा अमेरिकेला गेल्या असत्या, आणि त्यांना कोणी दोष दिला नसता. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या कागदांत मुलांनी परत यावं अशी अट घालता येते. परतलेल्याला वर्ष-दोन वर्षं जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठात, वनखात्यात किंवा नगरपालिकेत काम देण्याची जबाबदारी मात्र कुणाच्या तरी अंगावर टाकायला हवी, आणि ती त्याच कागदावर लिहिलेली असायला हवी.